जुनी कंपनी डब्ल्यू-२ देत नाही, तेव्हा

प्रश्न : गेल्या जुलैत न्यू जर्सीतली नोकरी सोडून मी टेक्सासला आलो. फेब्रुवारी संपत आला, तरी जुन्या कंपनीचा डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म) मिळालेला नाही. एचआरला फोन केला की ‘पाठवलाय’ एवढंच उत्तर येतं. काय करू?

उत्तर : ते खरंही असू शकतं. ३१ जानेवारीपर्यंत (त्या दिवशी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी) फॉर्म नोंदीतल्या पत्त्यावर रवाना केला, की कंपनीची जबाबदारी संपते. तुमची नोंद बहुधा जुन्याच पत्त्याची असेल. पोस्टात पत्ताबदल नोंदवला असला, तरी अशी बरीच पाकिटं पुढे न जाता पाठवणाऱ्याकडे परत जातात. परत आलेली प्रत कंपनीला चार वर्षं सांभाळून ठेवावी लागते. म्हणून ‘पाठवला का?’ असं विचारू नका, ‘पाकीट परत आलंय का?’ असं विचारा. नोकरीत असताना ऑनलाइन प्रतीला संमती दिली असेल, तर कागद येणारच नाही. फॉर्म पेरोलच्या पोर्टलवर असेल, मात्र तिथलं लॉगिन ऑफिसच्या बंद झालेल्या ईमेलला जोडलेलं असतं. ते खासगी ईमेलवर बदलून मागा.

हे सगळं लेखी मागा, एचआरऐवजी थेट पेरोल विभागाकडे. पूर्ण नाव, नोकरीच्या तारखा, नवा पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे पुरेत. पूर्ण नंबर ईमेलमध्ये कधीही घालू नका. दुसऱ्या प्रतीसाठी कंपनी शुल्क मागू शकते, त्याला आयआरएसची (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याची) मनाई नाही.

फेब्रुवारीअखेरपर्यंत काही हाती लागलं नाही, तर आयआरएसला ८००-८२९-१०४० वर फोन करा. कंपनीचं नाव, पत्ता, फोन, नोकरीच्या तारखा, पगार आणि कापलेल्या कराचा अंदाज जवळ ठेवा. आयआरएस कंपनीला पत्र पाठवते आणि तुम्हाला फॉर्म ४८५२ देते. डब्ल्यू-२ ऐवजी तो भरून रिटर्न दाखल करता येतं. पण त्यात आकडे तुम्हालाच भरायचे असतात आणि चुका होतात त्या इथेच.

शेवटची पे-स्टब (पगाराची चिठ्ठी) काढा. तिच्यावरचा वर्षाचा एकूण पगार तसाच्या तसा चौकट १ मध्ये (केंद्रीय प्राप्तिकरासाठीचा पगार) उतरवू नका. समजा एकूण ४८,००० डॉलर, त्यातून ४०१(के) या निवृत्ती बचत खात्यात ३,००० आणि करपूर्व आरोग्य विम्याचे १,८०० गेले. चौकट १ मध्ये ४३,२०० येतील. चौकट ३ आणि ५ मध्ये (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या करांसाठीचा पगार) मात्र ४०१(के) वजा होत नाही, म्हणून ४६,२००. ताळा सोपा आहे : सोशल सिक्युरिटीची कपात ६.२ टक्के, म्हणजे २,८६४.४० डॉलर आणि मेडिकेअरची १.४५ टक्के, म्हणजे ६६९.९० डॉलर. स्टबवर हेच आकडे दिसले की हिशेब बरोबर. ते जुळेपर्यंत फॉर्मवर सही करू नका.

टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, पण न्यू जर्सीचं जुलैपर्यंतचं रिटर्न द्यावंच लागेल. हे राज्य विम्याच्या त्या १,८०० डॉलरची सूट देत नाही, त्यामुळे चौकट १६ मध्ये (राज्याच्या करासाठीचा पगार) ४५,००० येतील. हा फरक पाहून फॉर्म चुकला असं समजू नका.

१५ एप्रिलपर्यंत जमलंच नाही, तर फॉर्म ४८६८ ने सहा महिने मिळतात. ही मुदतवाढ रिटर्नची आहे, कर भरण्याची नाही. अंदाजे रक्कम एप्रिलमध्येच भरा. डब्ल्यू-२ नंतर आला आणि आकडे वेगळे निघाले, तर फॉर्म १०४०-एक्सने रिटर्नची दुरुस्ती करा.

प्रश्न : मी भारतात परतले आहे. २०२१ चा डब्ल्यू-२ हवा आहे, पण ती कंपनीच बंद पडली.

उत्तर : आयआरएसकडून ‘वेज अँड इन्कम ट्रान्सक्रिप्ट’ (पगार-उत्पन्नाच्या नोंदींचा उतारा) मागवा. ऑनलाइन खात्यातून किंवा फॉर्म ४५०६-टी पाठवून तो फुकट मिळतो आणि मागच्या दहा वर्षांची नोंद त्यात सापडते. डब्ल्यू-२ वरचे केंद्रीय आकडे त्यात असतात, राज्याचे नसतात. खुद्द फॉर्मचीच प्रत हवी असेल, तर सोशल सिक्युरिटी प्रशासन ती शुल्क घेऊन देतं. टपालाने मागवणार असाल तर आधी फॉर्म ८८२२ भरून आयआरएसकडचा पत्ता बदला, नाहीतर कागद अमेरिकेतल्या जुन्या घरी जातील. भारतातून फोन करायचा तर क्रमांक २६७-९४१-१०००. हा टोल-फ्री नाही.