स्वगत, मनोगत की एकोक्ती?

प्रश्न असा आलाय की शोकांतिकेवर लेख लिहिताना सॉलिलक्वीला, म्हणजे नाटकात पात्र स्वतःशीच बोलतं त्याला, स्वगत म्हणावं, मनोगत म्हणावं की एकोक्ती, आणि 'स्वगतातून पात्राचं अंतर्द्वंद्व व्यक्त होतं' असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं त्यातलं द्वंद्व नेमकं असतं कुठे. पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो, स्वगतच लिहा. का ते सांगायला मात्र थोडं मागे जावं लागेल.

'गत' म्हटलं की आपल्याला गतवर्ष, गतकाळ आठवतो, म्हणजे होऊन गेलेलं. पण समासाच्या शेवटी येणारा गत वेगळा, तो 'तिथे पोचलेलं, त्या ठायी असलेलं' असं सांगतो. हस्तगत म्हणजे हातात आलेलं, हृद्गत म्हणजे हृदयात असलेलं, तसं स्वगत म्हणजे स्वतःपाशीच राहिलेलं. संस्कृत नाटकात तर ही नटाला दिलेली सूचना असायची, स्वगतम् किंवा आत्मगतम्, आणि परत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं झालं की प्रकाशम्. जुनी छापील मराठी नाटकं काढून बघा, कंसात (स्वगत) आणि पुढच्याच ओळीत (उघड) असं दिसेल. नंतर हेच क्रियाविशेषण आपल्याकडे सरळ नाम झालं, ते स्वगत, ती स्वगतं, 'त्याचं स्वगत सुंदर झालं' वगैरे.

धनंजयाच्या दशरूपकात, म्हणजे नाट्यशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, बोलण्याची वाटणी कोण ऐकणार यावर केलीय. सगळ्या पात्रांनी ऐकायचं ते सर्वश्राव्य, ठरावीक पात्रांनीच ऐकायचं ते नियतश्राव्य (जनान्तिक, म्हणजे दोघांचं आपसातलं बोलणं, आणि अपवारित, म्हणजे बाजूला वळून एकाला सांगितलेलं गुपित, यात येतात), आणि कुणीच ऐकायचं नाही ते अश्राव्य, म्हणजे स्वगत. मला ही वाटणी फार आवडते कारण यात बोलणारा एकटा आहे का हा मुद्दाच नाही, रंगमंचावर दहा माणसं असली तरी स्वगत होऊ शकतं. आणि जे अश्राव्य ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला मात्र स्पष्ट ऐकू जातं! सॉलिलक्वी हा इंग्रजी शब्द लॅटिनवरून आलाय, 'एकटा' आणि 'बोलणे' मिळून झालेला, म्हणून तिथे एकटेपणावर भर आहे. जाता जाता, इंग्रजीतल्या असाइडला, म्हणजे पात्र इतरांना न ऐकवता बाजूला बोलतं त्याला, सरसकट जनान्तिक म्हणू नका, जनान्तिकात दोन पात्रं इतरांना वगळून आपसात बोलतात.

मनोगत आता कामाचं राहिलं नाही, कारण मनोगत आपण लोकांपुढे 'व्यक्त करतो', संपादकांचं मनोगत, सत्कारमूर्तींचं मनोगत. आणि एकोक्तीवर माझा खरा आक्षेप त्यातल्या 'एक'वर आहे, कारण शोकांतिकेतल्या चांगल्या स्वगतात एकजण बोलतच नसतो, दोघं बोलत असतात. द्वंद्व म्हणजे मुळात जोडी, दोन-दोन, त्यावरून मग दोघांची झुंज. ही जोडी स्वगतात सापडली तरच 'अंतर्द्वंद्व' लिहावं, नाहीतर नुसतं 'दुःख' लिहावं की, त्यात कमीपणा काय.

जोडी अगदी उघडी बघायची असेल तर शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड बघा. लढाईच्या आदल्या रात्री त्याने मारलेल्यांची भुतं स्वप्नात येऊन जातात, तो दचकून उठतो आणि स्वतःलाच विचारतो, कुणाला भितोयस, स्वतःला? इथे कुणी खुनी आहे का? नाही. हो, मीच आहे. मग पळ. कुणापासून, स्वतःपासून? प्रश्नही त्याचा आणि उत्तरही त्याचंच.

मॅक्बेथमध्ये ते इतकं उघडं नाही, तिथे व्याकरणाकडे बघावं लागतं. राजा डंकनच्या खुनाचा विचार करताना मॅक्बेथ सुरुवातीला खून हा शब्दच घेत नाही, नुसतं 'ते', ते करून जर संपणारच असेल तर ते लवकर झालेलं बरं, दीड ओळीत 'करणे' तीनदा येतं आणि काय करणे ते येत नाही. मग तो कारणं मोजायला लागतो, मी त्याचा नातलग, त्याचा प्रजाजन, वर तो माझ्या घरी पाहुणा, आणि राजा म्हणून किती सौम्य, सगळी कारणं न मारण्याचीच, मारण्याच्या बाजूला फक्त महत्त्वाकांक्षा उरते, आणि हे म्हणता म्हणता बायको आत येते आणि वाक्य अर्धवट तुटतं. तुटलेलं वाक्य, टाळलेला शब्द, द्वंद्व अशा जागी शोधायचं असतं, 'मी द्विधा आहे' असं पात्राने म्हटलं म्हणून ते तिथे असतं असं नाही.

पण माझ्या मते सगळ्यात खोल जागा हॅम्लेटमधली, आणि ती हॅम्लेटची नाही, क्लॉडियसची. भावाचा खून करून राजा झालेला हा माणूस प्रार्थना करायला बघतो आणि अडतो, कारण ज्यासाठी खून केला ते मुकुट आणि राणी दोन्ही अजून त्याच्याकडेच आहेत, मग क्षमा मागायची कशी, चोरीचा माल जवळ ठेवून माफी मिळते का? हे सगळं त्याला लख्ख कळतंय आणि तरी सोडवत नाहीये. तो गुडघे टेकतो. तेवढ्यात मागून हॅम्लेट, मारलेल्या भावाचा मुलगा, येतो, तलवार काढतो आणि त्याचंही स्वगत सुरू होतं, की प्रार्थनेत असताना मारला तर हा स्वर्गात जाईल, आत्ता नको. तो निघून जातो, आणि मग क्लॉडियस उठून सांगतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं, म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती. एकाच जागी दोन स्वगतं, दोन्ही एकमेकांना अश्राव्य, आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू गेलं असतं तर नाटक तिथेच संपलं असतं. शोकांतिका त्या न ऐकण्यावर उभी आहे. दशरूपकातला तो कोरडा वाटणारा शब्द इथे किती कामाला येतो बघा.

हॅम्लेटच्या जगप्रसिद्ध 'टू बी ऑर नॉट टू बी' या स्वगताबद्दल थोडंच सांगतो. त्यात त्याची प्रेयसी ओफेलिया दिसेपर्यंत 'मी' येतच नाही, तो 'आपण' म्हणून सगळ्या माणसांबद्दल बोलतो, स्वतःचं दुखणं सगळ्यांवर पसरून टाकतो, आणि हेही एक प्रकारचं लपणंच. आगरकरांनी या नाटकाचं मराठी रूपांतर केलं (१८८३) त्याला नाव दिलं विकारविलसित, म्हणजे मनोविकारांचा खेळ, ते मला फार समर्पक वाटतं.

उलट बाजूला ऑथेल्लोमधला इयागो, ऑथेल्लोचा घात करणारा त्याचाच हाताखालचा माणूस. त्याची स्वगतं भरपूर, पण त्यात दुसरा आवाज नाही, तो बेत आखतो आणि आपल्याला त्यात ओढतो. द्वेषाची कारणंही बदलत राहतात, कधी डावललेली बढती, कधी बायकोवरचा संशय. म्हणून 'स्वगत असलं की अंतर्द्वंद्व असणारच' हे समीकरण लेखात नको.

आता काही अडचणीच्या जागा. बायको मेल्याची बातमी कळल्यावर मॅक्बेथ 'उद्या, उद्या, उद्या' म्हणतो तेव्हा बातमी आणणारा सेटन तिथेच उभा असतो. युरिपिडीसच्या ग्रीक नाटकातली मेडियाही (इ.स.पू. ४३१) नवऱ्यावर सूड म्हणून स्वतःच्या मुलांना मारावं की नाही यावर स्वतःच्याच मनाला हाक मारून बोलते, पण कोरस, म्हणजे ग्रीक नाटकातला गाणाऱ्यांचा समूह, समोर असतो आणि ऐकतो, त्यामुळे शास्त्राप्रमाणे हे अश्राव्य नाही. आशय मात्र पूर्ण आतला, मेडियाच्या बाबतीत तर दोन्ही आवाज स्पष्ट, एक आईचा आणि एक सूड घेणारीचा. अशा ठिकाणी मी 'स्वगतवजा भाषण' लिहितो आणि समोर कोण आहे ते पुढच्याच वाक्यात सांगून टाकतो.