बाराबंदी बगलेतच का फाटते?

प्रश्न: गड्ड्याच्या यात्रेला (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच मानाची काठी, धरायला मुलासाठी घरीच बाराबंदी (बारा बंदांनी बांधायचा अंगरखा) शिवली, पण हात वर केला की बगलेत उसवते आणि बंद पण तुटतात. काय चुकतंय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, तुमचा हात चांगलाच असणार, चूक कटिंगमध्ये आहे. तुम्ही शर्टासारखी गोल मुंढ्याची (खांद्या-बगलेच्या गोलाईची) बाही लावली असेल, जुन्या पद्धतीत बाही सरळ असते आणि बगलेत साधारण ४ इंचाचा चौकोनी तुकडा तिरका बसवतात, म्हणजे हात वर गेला की उरेबात (तिरक्या धाग्यात) आलेलं कापड ताणतं आणि शिवणीवर जोर येत नाही. हा तुकडा बसवताना कोपऱ्यावर सुई खाली ठेवून कापड फिरवा, तिथंच सगळे घाई करतात. बंद मात्र उरेबात कधीच कापू नका, उभ्या धाग्यातच घ्या आणि जिथं लावणार तिथं आतून छोटं ठिगळ देऊन चौकटीत फुलीची टीप मारा. सहा जोड्या, बारा बंद, एकही कमी करू नका हं. आणि कापड सुती असेल तर कापायच्या आधी भिजवून वाळवाच, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखडतं.