कमी खर्चात अचूक .२२ रायफल हवी आहे. लक्ष्यवेध आणि लहान शिकार या दोन्हींसाठी कोणती घ्यावी?

शिकारीचे नियम आणि परवाना आपण तपासला आहे असे गृहीत धरतो. दोन्ही कामे एकाच रायफलीने व्हायची असतील, तर .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाची बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढून नवे काडतूस भरायची, रायफल घ्यावी. सीझेड ४५७ ही माझी पहिली पसंती आहे. खर्च आणखी आवरायचा असेल, तर सॅव्हेज मार्क २ पाहावी, कारण तिच्या अ‍ॅक्युट्रिगर नावाच्या घोड्याचा (ट्रिगरचा) दाब वापरणाऱ्याला स्वतः कमी-जास्त करता येतो. १९६४ पासून मिळणारी सेमी-ऑटोमॅटिक (पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रुगर १०/२२ भरवशाची आहे, परंतु मूळ स्वरूपात ती अचूकतेत चांगल्या बोल्ट-अ‍ॅक्शनच्या सहसा मागे राहते.

रायफलीइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष काडतुसांकडे द्यावे. एकाच नळीतून एका प्रकारच्या गोळ्या ५० मीटरवर नाण्याएवढ्या जागेत बसतात आणि दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या दुप्पट-तिप्पट पसरतात. म्हणून चार-पाच प्रकारची काडतुसे आणून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, प्रत्येक प्रकाराच्या पाच-पाच गोळ्यांचे काही गट झाडून पाहावेत. सरावासाठी ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाची काडतुसे बहुधा सरस ठरतात, कारण त्याहून वेगवान गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरताना तिची स्थिरता बिघडू शकते.

सशासारख्या शिकारीसाठी पोकळ टोकाची गोळी वापरावी आणि ५० मीटरपलीकडे नेम धरू नये; जखमी प्राणी निसटून तडफडत राहावा, हे मला कधीच मान्य होणार नाही. स्कोप (नेमाची दुर्बीण) मात्र रिमफायरसाठीचाच (.२२ सारख्या, कडेवर आघात होऊन उडणाऱ्या काडतुसांसाठीचाच), म्हणजे ५० यार्डांच्या आसपास पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) जुळवलेला घ्यावा.