गाणं तेच, क्रमांक मात्र बदलला

प्रश्न : अल्बमचा वितरक, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणारी कंपनी, बदलला. नव्या वितरकाकडून तीच गाणी पुन्हा चढवली, तर ऐकल्याचे आकडे शून्यापासून सुरू झाले. असं का?

उत्तर : बहुधा नव्या फॉर्ममध्ये आयएसआरसीचा, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या ओळख-क्रमांकाचा, रकाना रिकामा राहिला. तो रिकामा दिसला की वितरक सहसा स्वतःकडचा नवा क्रमांक लावतात, आणि मग स्ट्रीमिंग सेवेच्या लेखी ते वेगळं ध्वनिमुद्रण ठरतं.

हा क्रमांक ध्वनिमुद्रणाचा असतो. वितरकाचा नाही आणि अल्बमचाही नाही. हक्क विकले गेले किंवा तेच गाणं दहा संकलनांत गेलं, तरी तो कायम राहतो. त्यात 12 जागा असतात. पहिल्या 5 जागा क्रमांक देणाऱ्याच्या, पुढच्या 2 वर्षाच्या, उरलेल्या 5 अनुक्रमाच्या. वर्ष म्हणजे क्रमांक दिला ते वर्ष. 1972 मधल्या ध्वनिमुद्रणाच्या क्रमांकात 24 दिसलं तर घाबरू नका.

आता आधी जुन्या खात्यातून सगळ्या आयएसआरसींची यादी उतरवून घ्या. खातं बंद झाल्यावर ती मिळवणं फार जिकिरीचं होतं. मग नव्या वितरकाला जुने क्रमांक लावायला सांगा. पुढे कधी वितरक बदललात तर जुना क्रमांक, तीच ऑडिओ फाइल आणि शीर्षक-कलाकारांचं तेच शुद्धलेखन देऊन चढवा. नवी नोंद दिसू लागली की मगच जुनी उतरवा. उलट क्रमाने केलंत तर मधल्या काळात गाणं प्लेलिस्टमधून गळतं.

क्रमांक ऑडिओ फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच साठवलेल्या माहितीत, लिहिला म्हणून निश्चिंत राहू नका. सेवांकडे माहिती जाते ती वितरकाच्या वेगळ्या डेटा-संदेशातून. फॉर्ममध्ये जे भरलं, तेच खरं.

प्रश्न : कराओके, रेडिओसाठी कापलेली आवृत्ती, रिमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज सुधारून काढलेली आवृत्ती), व्हिडिओ या सगळ्यांना नवा आयएसआरसी हवा का?

उत्तर : पहिल्या दोघांना हवाच, व्हिडिओलाही. रिमास्टरिंगमध्ये फक्त आवाजाची पातळी किंवा फाइलचा प्रकार बदलला असेल, तर जुनाच ठेवा. जुन्या टेपवरून नव्याने, कलात्मक निर्णय घेत काम झालं असेल, तर नवा घ्या.

प्रश्न : अल्बमचा बारकोड क्रमांक वितरकाने 'अवैध' म्हणून परत पाठवला. आम्ही तो स्प्रेडशीटमधूनच चिकटवला होता.

उत्तर : दोष तिथेच आहे. स्प्रेडशीट लांब आकड्याला संख्या समजते, सुरुवातीचं शून्य गिळते, किंवा 1.23ई+12 असं काहीतरी दाखवते. रकान्याचा प्रकार आधी 'टेक्स्ट' करा, मगच क्रमांक भरा.

13 अंकी बारकोड घरीच तपासता येतो. समजा पहिले 12 अंक 123456789012 आहेत. डावीकडून विषम जागांची बेरीज 26. सम जागांची 22, तिची तिप्पट 66. एकूण 92. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे 100 ला, 8 कमी पडतात. तोच तेरावा अंक. आयएसआरसीत असा तपास-अंक नसतो. एक अंक चुकला तरी यंत्रणा हूं की चूं करत नाही, आणि तुमची नोंद दुसऱ्याच्याच गाण्याशी जोडली जाऊ शकते. म्हणून आयएसआरसी हाताने टाइप न करता मूळ यादीतून चिकटवा. टाइप केलाच असेल तर शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची अदलाबदल आधी बघा.

प्रश्न : आयएसआरसी आहे, तरी गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी येत नाही.

उत्तर : शब्द आणि चाल या रचनेचा क्रमांक वेगळा असतो, आयएसडब्ल्यूसी. 'टी' अक्षर, 9 अंक आणि एक तपास-अंक. एकाच रचनेची पन्नास ध्वनिमुद्रणं झाली तरी हा एकच. लेखक-संगीतकारांच्या संस्थेत रचना नोंदवल्यावर तो मिळतो. नोंदवताना प्रत्येकाचा आयपीआय क्रमांक, म्हणजे त्या गीतकाराचा किंवा संगीतकाराचा स्वतःचा ओळख-क्रमांक, द्या आणि सगळ्यांच्या हिश्श्यांची बेरीज नेमकी 100 टक्के होते ना, ते बघा. दोन सहकाऱ्यांनी आपापल्या अर्जात 60-60 टक्के लिहिले की वाद मिटेपर्यंत पैसे अडकून पडतात. नोंद झाली की तिला त्या गाण्याचे सगळे आयएसआरसी जोडून द्या.