पंजा उचलत नाही, करंटचं मशीन घ्यावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६२ वर्षांचे, पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका, डावी बाजू गेली. हात बराच सावरलाय, पण डाव्या पायाचा पंजा लोंबतो, चालताना बोटं फरशीला घासतात, चप्पल वाटेतच राहते आणि त्यांना पत्ता नसतो. फिजिओ आठवड्यातून तीनदा घरी येऊन वीस मिनिटं करंट लावतात. आता ऑनलाइन अडीच हजारांचं टेन्स मशीन दिसलंय, ते घेऊन रोज घरीच लावावं का, करंटने नसा जळतात हे काकांचं म्हणणं खरं का, आणि हे किती दिवस चालवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी इचलकरंजीत बावीस वर्षं फिजिओथेरपी करते. आधी उत्तर देते: टेन्स घेऊ नका. पण तुम्ही ओघात लिहून गेलात की ‘करंट चालू असतो तोवर बाबा बातम्या बघून घेतात’. मला सगळ्यात जास्त ते वाक्य खटकलं, त्याच्याकडे येते.

आपल्याकडे ‘करंट’ हा एकच शब्द, आणि त्या नावाखाली चार वेगळी मशीन्स खपतात. टेन्स हे दुखण्याचं मशीन. कातडीतल्या स्पर्शाच्या जाड तंतूंना इतकं गुंतवून ठेवायचं की दुखण्याचा निरोप मणक्याच्या दारातच अडावा. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये ही दाराची कल्पना मांडली, आणि टेन्स तिच्याच आधारावर उभं आहे. त्यात नुसत्या मुंग्या येतात. स्नायू हलवणं हे त्याचं कामच नव्हे. आयएफटीसुद्धा, चार पॅडवालं, क्लिनिकमध्ये कंबरेला लावतात ते, बहुतेक दुखण्यासाठीच. तिसरा मसल स्टिम्युलेटर, जो स्नायू आकसवतो. चौथं एफईएस, म्हणजे तोच स्टिम्युलेटर, पण नेमका चालताना, नेमक्या क्षणी चालू-बंद होणारा. तुमच्या बाबांना दुखत नाहीये. त्यांना तिसरं हवंय, आणि जमलं तर चौथं.

आता त्यांच्या पायात काय बिघडलंय ते. पायाची नस धडधाकट आहे, स्नायूही. वरून, मेंदूतून निघणारा हुकूम खाली पोचत नाही. म्हणून बाहेरून नसेला टिचकी मारली की पंजा लगेच उचलतो, आणि घरातले सगळे ‘बघा, पाय चालू झाला’ म्हणून खूश होतात. तो चालू झालेला नसतो. खांबावरची वायर शाबूत आहे, एवढंच त्यातून कळतं.

हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. पंजा लोंबण्याचं कारण दरवेळी मेंदूत नसतं. घट्ट बसलेलं प्लास्टर, गुडघ्याखालचं फ्रॅक्चर, तासन्‌तास उकिडवं बसून केलेलं काम, कुष्ठरोग, यात खुद्द नसच दुखावते. तिथे या मशीनच्या छोट्या पल्सने, म्हणजे करंटच्या एकेका ठोक्याने, स्नायू ढिम्म हलत नाही. १०० मिलिसेकंदांसारखी लांब पल्स लागते, आणि ती द्यावी का यावर आमच्यातही एकमत नाही. तुटलेली नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते, ते काम करंट करत नाही. त्यांनी यातलं काही घरी करून बघू नये. तोंड वाकडं होतं त्या बेल्स पाल्सीबद्दलही लोक विचारतात. त्यात करंटने ठोस फायदा होतो असं २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासतात त्यात, दिसलं नाही. पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या तिथे कितीतरी जास्त कामाच्या.

तर तुमच्या बाबांकडे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हात फिरवा. वाटीच्या जरा खाली आणि मागे एक हाडाची गोटी लागते. तिच्या लगेच खालून नस वळसा घेते, कातडीच्या इतकी जवळ की काही जणांत बोटाखाली सरकलेली कळते. एक पॅड तिथे. दुसरा नडगीच्या बाहेरच्या बाजूला, मांसल भाग सुरू होतो तिथे. करंट हळूहळू वाढवायचा. आधी मुंग्या, मग बोटं थरथरतात, मग पंजा वर येतो. आता नीट बघा, तो कुठे वळतोय. करंगळीची बाजू फारच वर जाऊन पाऊल बाहेर उलटत असेल तर वरचा पॅड बोटभर पुढे, नडगीकडे घ्या. अंगठ्याकडची बाजू वर जाऊन पाऊल आत वळत असेल, तर मागे, नसेवर न्या. आत वळलेला पंजा टेकला तर घोटा मुरगळतो, त्यापेक्षा किंचित बाहेर परवडला. जागा सापडली की बॉलपेनने पॅडभोवती रेघ मारा. आमच्याकडे निम्म्या लोकांचा करंट ‘लागत नाही’ तो पॅड दोन बोटं भलतीकडे असल्यामुळे.

आकडे तुमच्या फिजिओंशी बोलून ठरवा, पण मी साधारण इथून सुरू करते: सेकंदाला ३५ ते ४० पल्स, पल्सची रुंदी, म्हणजे एक पल्स किती वेळ टिकते ते, ३०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, ५ सेकंद चालू आणि १५ सेकंद बंद. बंदचा वेळ हवाच. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा स्नायूतले तंतू पाळीपाळीने काम करतात. करंटने तेच तेच तंतू एकदम आणि पुन्हा पुन्हा ओढले जातात, म्हणून स्नायू फार लवकर थकतो. साध्या टेन्समध्ये बहुधा ही विश्रांतीच नसते. स्वस्त मशीनवर लोक करंट वाढवत नेतात, पाच मिनिटांत पंजा खाली यायला लागतो आणि मग मशीनच्या नावाने ओरड. पोटरी कडक असेल तर करंट दोन सेकंदांत चढत जाईल असं लावा. झटकन चढला तर पोटरी उलट ओढ घेते.

आता ते बातम्यांचं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काका यायचे, आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. पंजा असाच लोंबलेला, आणि आधी दुसरीकडे तीन महिने करंट घेऊन झालेला, पडून, डोळे मिटून. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पावलासमोर विटेचा तुकडा ठेवला आणि म्हटलं, मुंग्या सुरू झाल्या की तुम्हीही पंजा उचलायचा, विटेवर ठेवायचा. बंद झालं की खाली. पहिले दोन दिवस ते मशीनच्या मागे पडायचे. करंट येऊन पंजा उचलून झाल्यावर यांचा जोर यायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘मॅडम, हे मागासारखंच की. धोटा वेळेवर सुटला नाही तर धागा तुटणार.’ तेव्हापासून ते करंटच्या आधीच तयार बसायचे, तोंडाने एक-दोन मोजत. पाचव्या आठवड्यात मी त्यांना न सांगता करंट अर्ध्यावर आणला, आणि पंजा तेवढाच उचलला.

सगळ्यांचं असं होत नाही, आणि सहा महिने उलटल्यावर वेग कमी होतो हेही खरं. पण बाहेरून येणारा झटका आणि आतून येणारा हुकूम एकाच क्षणी नसेवर पडले, तरच मेंदूला त्या वाटेची आठवण होण्याची शक्यता असते. टीव्हीसमोर वीस मिनिटं पंजा वरखाली झाला तर स्नायू थोडा टिकेल, सांधा आखडायचा नाही. वाईट नाही, पण त्याला चालणं सुधारायचा उपचार म्हणू नका. तुमच्या फिजिओंना सरळ विचारा: ‘करंट चालू असताना बाबांनी काय करायचं?’ ते नाराज होणार नाहीत. आमच्या धंद्यात मशीन लावून दुसऱ्या पेशंटकडे वळायची सवय आहे, मलाही होती, आणि पेशंटच्या घरच्यांनाही मशीन लावलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

नसा जळतात का? नाही. या करंटने नस जळत नाही. पण कातडी भाजू शकते, आणि ती माझ्या हातून भाजली आहे. सुरुवातीची वर्षं, मे महिना, तेव्हा काळे रबरी पॅड आणि ओले स्पंज वापरायचो. मशीन जुनं गॅल्व्हॅनिक, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट. पेशंट एक बाई, त्यांना मधुमेह होता, पायाला संवेदना कमी. पंख्याखाली स्पंज एका कडेने वाळला, सगळा करंट उरलेल्या ओल्या तुकड्यातून गेला. त्यांना काहीच कळलं नाही. स्पंज उचलला तर खाली रुपयाएवढा फोड. तो भरायला दीड महिना लागला, आणि त्या बाईंनी मला एका शब्दाने बोललं नाही, ते अजून लागतं. तेव्हापासून पॅडच्या जागी आधी कापूस आणि टाचणीचं बोथट टोक फिरवून ‘कुठे लावतेय सांगा’ असं विचारल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही. आताच्या मशीन्समध्ये करंट दोन्ही दिशांनी समान जातो, त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी आहे, पण वाळलेला, कडा उचललेला पॅड आजही वाईटच. चिकटणारे पॅड वीसेक वेळा वापरले की फेका. चेहऱ्याची पावडर, तेल लावलेला पाय, दोन्ही चालत नाही.

(गॅल्व्हॅनिक हे नाव बोलोन्याच्या गॅल्व्हानीवरून, ज्याने अठराव्या शतकात मेलेल्या बेडकाचे पाय उडवले. त्याच जुन्या मशीनवर शेजारच्या बटणावर लिहिलेलं फॅराडिक हे फॅरेडे या शास्त्रज्ञावरून. काकांना सांगा, बेडकाच्याही नसा जळल्या नव्हत्या.)

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं कुठलंही यंत्र असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही. पायात रक्ताची गुठळी असल्याचा संशय, म्हणजे पोटरी एकाएकी सुजलेली, गरम, दुखरी, तर अजिबात नाही, आधी दवाखाना. पॅडच्या जागी जखम किंवा कॅन्सरची गाठ, तरीही नाही. झटक्यानंतर फिट आली असेल तर तेही सांगा. मानेवर पुढून पॅड कधीच नको.

आता खरेदी. घ्यायचंच तर ‘ईएमएस’ किंवा ‘एनएमईएस’ (म्हणजे वर सांगितलेला मसल स्टिम्युलेटरच) लिहिलेलं, चालू-बंदचे सेकंद आणि पल्सची रुंदी स्वतः ठरवता येतील असं घ्या. पोट कमी करायचा पट्टा नको. आणि आधी दोन आठवडे फिजिओंच्या मशीनवर नीट करून बघा, मगच पैसे घाला.

एफईएसची कल्पना १९६१ ची, लिबरसन नावाच्या डॉक्टरची. टाचेखाली एक बटण. टाच उचलली की करंट चालू, पंजा वर, टाच टेकली की बंद. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या लोकांनी ते रोजच्या वापराचं केलं आणि २००९ मध्ये कुठले उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या तिथल्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने मेंदू-मणक्याच्या आजारातल्या लोंबत्या पंजासाठी त्याला मान्यता दिली. आता टाचेचं बटण नसलेलेही येतात, गुडघ्याखाली पट्टा बांधायचा. छान चालतं, पण महाग आहे. आणि २०१३ मध्ये अमेरिकेत १९७ रुग्णांवर तुलना झाली तेव्हा चालण्याचा वेग पंजा वर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या साध्या स्प्लिंटनेही तेवढाच वाढला होता. म्हणून कर्ज काढून घेऊ नका. स्प्लिंटची अडचण आपल्याकडे वेगळी: तो बुटात बसतो, आणि आपण घरात अनवाणी. देवघरात, संडासात, गुळगुळीत ओल्या फरशीवर नुसता प्लास्टिकचा तळ सरकतो. बाहेर जाताना स्प्लिंट आणि मागे पट्टा असलेली सँडल, घरात व्यायाम आणि स्टिम्युलेटर, असं माझ्याकडचे बरेच जण निभावतात. मागे पट्टा नसलेली चप्पल मात्र आजच काढून ठेवा.

किती दिवस, याला माझं उत्तर सहा आठवडे, रोज दोनदा पंधरा-वीस मिनिटं, बाबांच्या जोरासकट. सुरू करायच्या आदल्या दिवशी ओसरीवर दहा मीटर मोजून दोन खुणा करा, ते अंतर चालायला किती सेकंद लागतात ते लिहा, आणि बोटं किती वेळा घासली ते कान देऊन मोजा. फरशीवर तो आवाज स्पष्ट येतो. दर रविवारी पुन्हा. सहा आठवड्यांत आकडे हलले नाहीत तर करंट थांबवा आणि तो वेळ चालण्याला, जिन्याला, उभं राहून तोल सांभाळण्याला द्या.

आणि इथे पुन्हा लिहाल तेव्हा चालतानाचा व्हिडिओ बाजूने काढून टाका, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून. करंट बंद असताना, बसून, टाच टेकवून बाबा पंजा स्वतः किती उचलतात तेही दाखवा. नुसता अंगठा थरथरला तरी लिहा, ते बघून पुढचं सांगता येईल.