टेक सिक्स: कीबोर्ड आला आणि मधले आवाज बेकार झाले

प्रश्न असा आहे की टेक सिक्स ऐकायला कुठून सुरुवात करावी, आणि नुसत्या गळ्यावर गाणाऱ्या या सहा जणांच्या अमेरिकन ग्रुपने मधेच ड्रम-कीबोर्ड का घेतले, तिथून ते घसरले का. दुसऱ्या भागावर माझं मत जरा ठाम आहे, त्यामुळे लांबणार आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात डोळे झाकून पहिल्या अल्बमपासून करा. 1988 चा, नावही टेक सिक्सच. दहा गाणी, चुटक्या सोडल्या तर वाद्य म्हणून काही नाही.

ही पोरं अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या ओकवुड कॉलेजची, म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेलं सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चचं कॉलेज (आपल्या पुण्यात औंध रोडला स्पायसर आहे ना, ते याच चर्चचं). 1980 मध्ये क्लॉड मॅकनाइटने तिथे चौघांचा ग्रुप काढला. एकदा हे चौघं हॉस्टेलच्या बाथरूममध्ये प्रॅक्टिस करत होते, मार्क किबलच्या कानावर ते पडलं आणि हा पठ्ठ्या सरळ आत शिरून पाचवा आवाज लावून मोकळा. आपल्याकडे असं कुणी केलं तर आधी भांडण होईल! मग किबलनेच मर्विन वॉरनला आणलं आणि झाले सहा. माणसं बदलत बदलत 1985 च्या सुमाराला सेड्रिक डेंट, डेव्हिड थॉमस आणि बेसला, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाला, अल्विन आले, तेव्हा कुठे घडी बसली. नाव तोवर अलायन्स होतं, पण ते आधीच दुसऱ्या कुणाचं निघालं, म्हणून 1987 मध्ये रिप्राइझ या रेकॉर्ड कंपनीशी करार झाल्यावर टेक सिक्स.

आता यात एवढं काय आहे ते. चर्चमधली क्वार्टेटची, म्हणजे चौघांनी मिळून गायची परंपरा खूप जुनी, पण तिथल्या कॉर्ड (एकाच वेळी लावलेले वेगवेगळे सूर) साध्या, तीन-चार सुरांच्या. किबल आणि वॉरनने त्याच भजनांना बिग बँडच्या, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाच्या कॉर्ड लावल्या, सहा गळे आणि बऱ्याचदा सहाही वेगळ्या सुरांवर. शेजारी-शेजारी उभ्या दोघांत कधी कधी फक्त अर्ध्या सुराचं अंतर, आपल्या भाषेत एकाने सा धरायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी शुद्ध नी. आम्ही आठ जण मिळून पहिल्या अल्बममधलं ए क्वायट प्लेस बसवत होतो, मी दुसरा टेनर (मधला एक आवाज), घरी एकटा म्हणत बसलो की बायको म्हणायची बेसूर लागतंय रे. ग्रुपमध्ये त्याहून वाईट, कारण शेजारचा सा लावून उभा आणि माझा नी त्याच्याकडे ओढला जायचा, तीन आठवडे मी त्याच्या सुरावर जाऊन बसत होतो. आपले कान एका सुरात गायला तयार झालेले, आरती काय आणि भजन काय. गोव्यातल्या ग्रुपमेंबरला मात्र पहिल्या दिवशी जमलं, मांडो दोन आवाजांत गात वाढलेला माणूस तो. शेवटी एका रविवारी माझा नी जागेवर राहिला आणि सगळी कॉर्ड अशी काही उघडली की पुढची ओळ म्हणायचीच राहून गेली.

1989 च्या ग्रॅमीला त्यांना दोन बक्षिसं मिळाली, एक गॉस्पेलचं (ख्रिस्ती भक्तिसंगीताचं) आणि स्प्रेड लव्हसाठी जॅझ व्होकलचं. एकाच अल्बमला दोन्हीकडे मान, हे मला फार भारी वाटतं. बेस्ट न्यू आर्टिस्टलाही नॉमिनेशन होतं, ते ट्रेसी चॅपमन घेऊन गेली.

1990 चा दुसरा अल्बम झाला आणि 1991 मध्ये वॉरन बाहेर पडला. (सिस्टर अ‍ॅक्ट 2 सिनेमातलं जॉयफुल जॉयफुल आठवतंय? ती अरेंजमेंट त्याची.) जागेवर किबलचा धाकटा भाऊ जोई आला. मग 1994 ला जॉइन द बँड, नावातच सगळं आलं, वाद्यं आली, स्टीव्ही वंडर आणि रे चार्ल्ससुद्धा येऊन गाऊन गेले.

बरेच जण म्हणतात वॉरन गेला म्हणून मजा गेली. मला अर्धंच पटतं, किबल होताच की. खरी गोची अशी की कीबोर्ड आला की कॉर्ड तो धरतो, मग मधल्या तिघांनी करायचं काय, ऊ आणि आ. बेस गिटार आली की अल्विनचा तो डबल बेससारखा चालणारा आवाज मागे ढकलला जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर तबलजी समोर बसलेला असताना तुम्ही मांडीवर ताल धरल्यासारखं. गातात उत्तमच, पण सहा माणसं कशाला लागतात ते कळेनासं होतं. पण "घसरले" मी म्हणणार नाही. ग्रॅमी त्या अल्बमलाही आहे, आणि 1994 मध्ये रेडिओवर वाजायचं तर ड्रम लागणारच होते, पोटाचा प्रश्न असतो.

पुढे डेंट पूर्णवेळ प्राध्यापकीकडे वळला, ख्रिश्चन डेंटली आला, बाकीचे तेच. ग्रॅमी एकूण 10. जेकब कॉलियर या तरुण ब्रिटिश संगीतकाराच्या 2018 च्या जेसी व्हॉल्यूम 1 अल्बममध्येही ऐकू येतील, तुमच्यातले कॉलियरचे फॅन असतील त्यांनी हा बाप आवाज ऐकाच.

ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. आधी गोल्ड माइन, मग ए क्वायट प्लेस. वरचा आवाज सोडून द्या, तो तसाही ऐकू येतो, मधला एखादा पकडून सोबत गुणगुणून बघा. दुसऱ्या ओळीपर्यंत टिकलात तर इथे येऊन सांगा, मी नव्हतो टिकलो.