वाचकांचे प्रश्न : अणुप्रकल्पाच्या परवान्याला हरकत घेताना वृत्तपत्राचे कात्रण पुरते का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात राहतो. आमच्या गावाजवळच्या अणुवीज प्रकल्पाचा परवाना आणखी वीस वर्षांनी वाढवून मिळावा, असा अर्ज कंपनीने केला आहे. आमच्या रहिवासी गटाने सुनावणीची मागणी केली आणि जमिनीखालच्या नळांतील गळतीविषयी स्थानिक वृत्तपत्रात आलेल्या बातम्यांची कात्रणे अर्जाला जोडली. कंपनीच्या वकिलांनी उत्तरात लिहिले आहे की, वृत्तपत्रातील बातमी हा पुरावा नव्हे, म्हणून आमची हरकत फेटाळावी. बातमी छापली गेली, तिचे खंडनही कोणी केले नाही, तरीही ती पुरावा का नाही? आता आम्ही काय करावे?

उत्तर : वकिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ज्या अर्ध्यात ते चूक आहेत तेथे आपण ठामपणे उभे राहिले पाहिजे, आणि ज्या अर्ध्यात बरोबर आहेत तेथे वाद न घालता कागद गोळा करण्याच्या कामाला लागले पाहिजे.

प्रथम चुकीचा भाग पाहू. आपण सध्या ज्या टप्प्यावर आहात तो पुरावा सिद्ध करण्याचा टप्पाच नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगापुढे आधी हरकतीचा प्रत्येक मुद्दा सुनावणीस घ्यायचा की नाही हे ठरते, आणि पुरावा, साक्षी, तज्ज्ञांची प्रतिज्ञापत्रे यांची खरी छाननी त्यानंतर होते. आयोगाने 1989 मध्ये पहिल्या टप्प्याचे नियम कडक केले. त्या वेळी त्यांना न्यायालयात आव्हान दिले गेले आणि 1990 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ते उचलून धरले. परंतु त्या कडक नियमांतसुद्धा मुद्दा सिद्ध करून दाखवा असे म्हटलेले नाही. कोणत्या तथ्यांवर किंवा तज्ज्ञांच्या कोणत्या मतांवर आपण विसंबून आहात ते थोडक्यात सांगा, त्याचे नेमके स्रोत द्या, आणि अर्जदार कंपनीशी आपला खरा व महत्त्वाचा मतभेद कोठे आहे ते दाखवा, एवढीच मागणी आहे. शिवाय प्रत्यक्ष सुनावणीतही न्यायालयातील पुराव्याचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. पुरावा संबद्ध, महत्त्वाचा आणि भरवशाचा असावा, ही तेथील कसोटी आहे. प्रशासकीय सुनावणीत ऐकीव पुरावाही निर्णयाला आधार देऊ शकतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये रिचर्डसन विरुद्ध पेरालेस या खटल्यात मान्य केले आहे. म्हणून ‘बातमी आहे, सबब बाद’ एवढेच जर कंपनीचे उत्तर असेल, तर ते अपुरे आहे असे आपण निःसंकोच म्हणावे.

आता बरोबर असलेला भाग. बातमी भरवशाची आहे हे कोण सांगणार? बातमीत ‘प्रकल्पातील एका अधिकाऱ्याने सांगितले’ असे वाक्य असते, तेव्हा ऐकीव गोष्टीचे दोन थर असतात. अधिकारी वार्ताहराशी बोलला हा एक थर, आणि वार्ताहर आपल्याशी बोलतो आहे हा दुसरा. दोघांपैकी कोणाचीही उलटतपासणी कात्रणाच्या आधारे होऊ शकत नाही. वार्ताहर सहसा साक्षीला येत नाही, आणि आपल्या सूत्राचे नाव उघड न करण्याचा त्याचा आग्रह रास्तच असतो. खंडन झाले नाही या गोष्टीलाही फारसे वजन नसते, कारण कंपन्या प्रत्येक बातमीला उत्तर देत बसत नाहीत. आपल्याकडे हीच भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात घेतली. 1967 च्या निवडणुकीत जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईतून स. का. पाटील यांचा पराभव केला, त्या निवडणुकीला आव्हान देणाऱ्या याचिकेत आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’तील मजकुरासह वृत्तपत्रांतील बरेच लेखन पुढे आले होते. वार्ताहर माहिती आणतो, संपादक तिच्यावर संस्कार करतो, आणि या प्रवासात सत्याचा विपर्यास होऊ शकतो, त्यामुळे बातमी स्वतःच स्वतःला सिद्ध करत नाही. इतर पुरावा भक्कम असेल तर त्याच्या जोडीला ती विचारात घेता येते, असे न्यायालयाने म्हटले. अणुप्रकल्पाच्या सुनावणीला हे शेवटचे वाक्य फार उपयोगी आहे.

तेव्हा करायचे ते असे. कात्रण समोर ठेवा, त्यातील प्रत्येक विधान वेगळे काढा आणि वार्ताहराला ते कोठून मिळाले असेल याचा माग घ्या. प्रकल्पांविषयीच्या पुष्कळ बातम्या ज्या कागदांवर उभ्या असतात ते कागद सार्वजनिकच असतात. नियमात ठरवून दिलेल्या घटनांचा लेखी अहवाल कंपनीला 60 दिवसांत आयोगाकडे द्यावा लागतो. आयोगाचे निरीक्षक आपले तपासणी अहवाल प्रसिद्ध करतात. भूजलाच्या नमुन्यांचे आकडे प्रकल्पांच्या वार्षिक अहवालांत सापडतात. आयोगाच्या ‘ॲडम्स’ या संगणकीय दप्तरात प्रकल्पाच्या नावाने शोध घेतला तर यांपैकी बराच ऐवज एका संध्याकाळी हाती लागतो. जे तेथे नसेल ते 1966 च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागता येते, मात्र त्याला वेळ लागतो. मूळ अहवाल मिळाला की हरकतीच्या मुद्द्यात तोच पुढे करा, त्याचा दिनांक आणि पृष्ठ क्रमांक द्या, आणि बातमीचा उल्लेख केला तरी तो मागे राहू द्या. अहवाल स्वतः पूर्ण वाचूनच जोडा. हरकती ऐकणारे आयोगाचे मंडळ जोडलेला कागद अथपासून इतिपर्यंत वाचते, आणि त्यात आपल्याविरुद्ध जाणारा परिच्छेद असेल तर तोही वाचते.

व्हर्मोंट राज्यातील व्हर्मोंट यँकी प्रकल्पाचे उदाहरण येथे बोलके आहे. जानेवारी 2010 मध्ये तेथील भूजलात ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) सापडल्याचे जाहीर झाले, आणि किरणोत्सारी द्रव वाहून नेणारे नळ आमच्याकडे जमिनीखाली नाहीत असे कंपनीने राज्याच्या अधिकाऱ्यांना पूर्वी सांगितले होते, ही गोष्ट चव्हाट्यावर आली. फेब्रुवारीत राज्याच्या सिनेटने प्रकल्प पुढे चालू ठेवण्याच्या विरोधात 26 विरुद्ध 4 असे मतदान केले. वृत्तपत्रांनी त्या काळात मथळ्यांमागून मथळे दिले. पण कंपनी काय म्हणाली होती हे ज्याला सिद्ध करायचे असेल, त्याच्या कामाची गोष्ट मथळा नव्हे, तर राज्याच्या सार्वजनिक सेवा मंडळापुढील साक्षीचे टिपण. त्या टिपणाशी वाद घालता येत नाही. एवढे होऊनही आयोगाने मार्च 2011 मध्ये त्या प्रकल्पाचा परवाना वाढवला, हेही आपण ध्यानात ठेवावे. (आर्थिक कारणांनी तो प्रकल्प 2014 च्या अखेरीस बंद झाला.)

कागदासोबत तज्ज्ञही हवा. ‘नळ गळतात’ एवढ्याने मुद्दा उभा राहत नाही. नळांच्या देखरेखीसाठी कंपनीने अर्जात जो कार्यक्रम मांडला आहे तो ही गळती का रोखू शकणार नाही, हे अर्जातील विशिष्ट भागाकडे बोट दाखवून सांगावे लागते. धातूची झीज जाणणाऱ्या अभियंत्याचे दोन पानांचे प्रतिज्ञापत्र या ठिकाणी वीस कात्रणांहून अधिक काम करते. जून 2011 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जुन्या अणुभट्ट्यांविषयी मोठी शोधमालिका प्रसिद्ध केली आणि देशातील तीन चतुर्थांश प्रकल्पस्थळी ट्रिटियमची गळती झाल्याचे दाखवले. पत्रकारितेचे ते मोलाचे काम होते, असे माझे मत आहे. तरीही कोणा एका प्रकल्पाच्या परवान्याविरुद्ध केवळ ती मालिका जोडणारा अर्ज टिकणे कठीण, कारण त्या प्रकल्पाच्या अर्जात नेमके काय चुकले आहे हे ती सांगत नाही.

मुदतीबाबत विशेष सावध राहावे. सुनावणीची मागणी करण्यासाठी सरकारी राजपत्रातील सूचनेपासून सर्वसाधारणपणे 60 दिवस, कंपनीच्या उत्तराला 25 दिवस आणि त्यावरील आपल्या प्रत्युत्तराला 7 दिवस, अशी आजवरची पद्धत आहे; नियम बदलतात, म्हणून आपल्या प्रकरणाच्या सूचनेतील दिनांक स्वतः तपासावेत. प्रत्युत्तरात मूळ अर्जात नसलेला नवा आधार घुसवता येत नाही. त्यात फक्त कायद्याचा युक्तिवाद करावा : हा सिद्धतेचा टप्पा नाही, आणि कात्रणात ज्या अहवालाचा उल्लेख आहे तो आयोगाच्याच दप्तरी आहे. नव्याने मिळालेले कागद सुधारित हरकतीतून द्यावेत, आणि ते आधी का मिळू शकले नाहीत हे तेथेच स्पष्ट करावे. येथे बातमीचा दिनांक फसवा ठरतो. बातमी काल आली म्हणून माहिती नवी होत नाही. प्रेअरी आयलंड प्रकल्पाच्या प्रकरणात आयोगाने 2010 मध्ये हेच सांगितले की, पूर्वीच उपलब्ध असलेली माहिती एकत्र केल्याने ती नवी ठरत नाही.

बातमीच पुरावा म्हणून स्वीकारली जाते असे प्रसंग विरळा आहेत, पण आहेत. अलाबामातील सेल्मा येथे 1957 मध्ये न्यायालयाच्या इमारतीचा घड्याळाचा मनोरा कोसळला. लाकडे जळालेली दिसत होती. ती वीज पडून जळाली की जुन्या आगीत, हा विम्याच्या दाव्यातील वाद होता. विमा कंपनीने 1901 चे स्थानिक वृत्तपत्र हजर केले, ज्यात बांधकाम चालू असतानाच तेथे आग लागल्याची बातमी होती. 1961 मध्ये अपील न्यायालयाने ती स्वीकारली, कारण इतक्या वर्षांनी दुसरा साक्षीदार मिळणे दुरापास्त होते आणि गावात न लागलेली आग छापण्याचे वृत्तपत्राला काहीच कारण नव्हते. आपली गळती ताजी आहे आणि तिचे कागद उपलब्ध आहेत, त्यामुळे हा आधार आपल्याला मिळणार नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्या जागेवर काय होते, असा प्रश्न निघाला तर मात्र जुना अंक जपून ठेवावा.

प्रश्न : जैतापूरबाबत आम्ही वृत्तपत्रातील बातम्या अशाच रीतीने वापरू शकतो का? (रत्नागिरी जिल्ह्यातून)

उत्तर : अमेरिकेसारखी, नागरिकाला पक्षकार होऊन साक्षी-पुरावे देता येतील अशी परवाना-सुनावणी भारतात आजवर झालेली नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ जागा, बांधकाम, चाचणी आणि चालवणे अशा टप्प्यांवर संमती देते. नागरिकाला बोलण्याची जागा मिळते ती पर्यावरणविषयक जनसुनावणीत, जशी 2010 मध्ये माडबन येथे झाली, आणि पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाची प्रकरणे चालवणाऱ्या न्यायपीठात) किंवा उच्च न्यायालयात. ज्या कायद्याने ते स्थापन झाले त्या 2010 च्या कायद्यातील कलम 19 प्रमाणे हरित न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याने बांधलेले नाही. मुंबईच्या देवनार कचराभूमीविषयी एका वृत्त-संकेतस्थळावरील लेख वाचून न्यायाधिकरणाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले, आणि तसा अधिकार त्याला आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये मान्य केले. म्हणजे बातमीने दार उघडू शकते. आत गेल्यावर मात्र पाण्याच्या तपासणीचे अहवाल, मत्स्य विभागाची आकडेवारी आणि माहिती अधिकारात मिळालेल्या साक्षांकित प्रती लागतील. त्यांसाठीचे अर्ज आजच करावेत आणि प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी.